बाबलकाकांच्या नंबरावर

यंदा मोहोर उशिरा धरला. पौषात थंडी पडली तीही अर्धवट. झाडांनी नुसती पालवी काढली आणि सगळे बागायतदार माना वर करून हिंडू लागले. मग माघात एका आठवड्यात सगळा सडा, म्हणजे आमचं कातळी पठार, मोहोराने फुलला. सकाळी दार उघडलं की तो वास आत येतो. गोड, थोडा तुरट, घशात बसणारा. बाहेरून आलेल्या माणसाला तो छान वाटतो. आम्हाला त्या वासातून ढग आहे की नाही, तुडतुड्याची कीड आली की नाही, एवढंच कळतं. आम्ही वासातसुद्धा काळजी हुंगतो.

त्याच आठवड्यात बाईंचं वार्तापत्र आलं. बाई म्हणजे युरोपातल्या उत्तरेकडच्या एका लहानशा देशातल्या राजकारणी. तिकडच्या सगळ्या देशांची मिळून जी संसद असते, तिच्यात त्या निवडून गेल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी आंब्याच्या हंगामात त्या देवगडला, आमच्या बागायतदार सोसायटीच्या पॅकहाउसमध्ये, म्हणजे आंबे निवडून पेट्या भरायच्या शेडमध्ये, एक दिवस आल्या होत्या. जाताना त्यांच्या मदतनीस मुलीने माझा ईमेल लिहून घेतला. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी बाईंच्या कामाचा अहवाल माझ्या मोबाइलवर येतो. वर त्यांच्या भाषेत, खाली इंग्रजीत. मथळा नेहमी एकच, व्यवसाय, ग्राहक आणि उद्योग यांच्यासाठी केलेलं काम. मी तो दर वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. देवगड तालुक्यात तो वाचणारा मी एकटाच असणार.

का वाचतो, ते आता सांगून टाकतो. बाई आल्या त्या दिवशी मी माझ्या बागेतल्या आठ क्रेटवर शेजाऱ्याच्या बागेचा नंबर लावला. त्या आठ क्रेटमधल्या आंब्यांत तिकडे फवारणीच्या औषधाचा अंश सापडला. शेजाऱ्याचं नाव युरोपच्या यादीतून गेलं, आणि गावात जे नाव होतं तेही त्याच्यामागून गेलं. शेजारी म्हणजे बाबलकाका. आमच्या दोन बागांच्या मध्ये कंबरेएवढा दगडी गडगा आहे, तेवढंच अंतर. मी सहा वर्षं गप्प बसलो.

पॅकहाउसमध्ये मी लिहिण्याचं काम करायचो. हंगाम म्हटला की मला अजून ती जागा आठवते. बाहेर कातळ तापलेला, पायताणातून चटका लागतो असा, आणि आत ओलसर, गारठलेली हवा. गरम पाण्याच्या टाकीत आंबे तासभर बुडवून ठेवायचे, म्हणजे फळमाशी असली तर मरते. तिकडचा नियम. त्या टाकीवर वाफ धरायची आणि वाफेला आंब्याचा वास यायचा. पिकलेल्या फळाचा नव्हे, देठाच्या चिकाचा. तो चीक अंगाला लागला की कातडी काळी पडते, मग सोलते. निवडणाऱ्या बायकांच्या बोटांवर हंगामभर ते डाग असत. मग तिकडून हातमोजे आले, केसांवर घालायच्या जाळ्या आल्या. पहिल्या दिवशी बायका नवऱ्यांच्या नावाने नुसत्या हसत होत्या.

"गो, ही जाळी घालून घराक गेलंय तर घोव वळकाचो नाय माका!"

"बराच मगे! एक दीस तरी सुखान जेवशीत."

त्यात नंबर हा सगळ्यात मोठा नियम. युरोपला आंबा पाठवायचा तर बागेची नोंदणी करायची. नोंद झाली की बागेला नंबर मिळतो. तो नंबर प्रत्येक क्रेटवर, मग प्रत्येक खोक्यावर. तिकडच्या दुकानात एखादं खोकं वाईट निघालं तर नंबरावरून मागे मागे येत थेट झाडापाशी पोचता यावं, असा हिशेब. नंबराबरोबर एक वही. कुठलं औषध, कधी, किती मारलं. शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात ठरलेले दिवस गेलेच पाहिजेत.

ही वही बागायतदाराने स्वतः भरायची असते. आमच्याकडे ती कुणीच भरत नाही. चौकटी बारीक, मजकूर इंग्रजी, आणि फवारणीच्या दिवसात हात औषधाने माखलेले. मग हंगामाच्या तोंडावर एक दिवस सगळे आपापल्या कोऱ्या वह्या घेऊन माझ्याकडे येत. मी टेबल टाकून बसायचो, ते बाकावर बसून सांगत, मी लिहायचो. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाच्या वह्या एका हस्ताक्षरात, एका पेनाने भरून व्हायच्या. त्या वह्यांत सगळे पौषातच फवारत. माघात कुणीच नाही. ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट होती, आणि सगळ्यांना माहीत असल्यामुळे ती चूक आहे असं कुणाला वाटत नव्हतं. बाबलकाका मात्र खरोखरच पौषात फवारायचे. "मोहोर धरलो की पंप वर टांगून ठेवायचो," म्हणायचे. त्यांचं खरं आणि बाकीच्यांचं सोयीचं, वहीत दोन्ही सारखीच दिसायची.

बाई आल्या त्या वर्षी माघात चार दिवस आभाळ आलं. माझ्या खालच्या अंगाच्या झाडांवर तुडतुडा बसला. मी फवारलं, आणि नंतर पुन्हा एकदा फवारलं. तोडणीपर्यंतचे दिवस भरत नव्हते, म्हणून ती झाडं युरोपसाठी नाहीत असं मी मनाशी ठरवलंही होतं. पण बाई येणार त्या दिवशी सकाळी माल आठ क्रेटने कमी पडला. एका बागायतदाराची गाडी वाटेत अडकली होती. सोसायटीचे चेअरमन नुसते येरझारा घालत होते. पाहुण्यांसमोर अर्धी रिकामी गाडी कशी दाखवायची, फोटो कसा काढायचा. मी म्हणालो, आणतो मी. घरी त्याच झाडांचा तोडलेला माल होता. आणला. माझ्या नंबराची वही त्या दिवशी बाईंना दाखवायला टेबलावर उघडी ठेवलेली होती, आणि मी नेमका तिच्यात दुसऱ्या फवारणीची खरी तारीख लिहून बसलो होतो. सगळ्या गावाच्या वह्या पौषात आणि माझी एकटी माघात. खरी तारीख का लिहिली, आजही सांगता येत नाही. बहुधा बाई वाचतील असं वाटून. माझा नंबर चालणार नव्हता; मग आठ क्रेटवर नंबर लावायला सगळ्यात स्वच्छ वही कुणाची, हे शोधावं लागलं नाही. स्टिकरांचं पाकीट हाताशी होतं. दोन मिनिटांचं काम.

आणि नुसतं चेअरमनना वाचवायला केलं असं म्हणालो तर तेही खोटं होईल. माझा आंबा युरोपला जावा, हेही मला हवं होतं.

बाई आल्या त्या एका साध्या गाडीतून, ती मदतनीस मुलगी आणि एक दुभाषा बरोबर. दुभाषाला गाडी लागली होती, म्हणून दिवसभर मीच बोललो. बाबलकाका माल उतरवून बाजूला उभे होते.

"ही तकडची आमदारीण?"

"आमदारापेक्षा मोठी, काकानू. खासदार समजा."

"मगे हिच्या वांगडा गाड्यो खंय? पोलीस खंय? पाठीर पिशवी मारून फिरता ती खासदार कसली!"

बाईंनी विचारलं, ते काय म्हणतायत? मी म्हटलं, तुमच्याबरोबर माणसं कमी आहेत असं त्यांना वाटतंय. बाई हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे जास्त माणसं घेऊन फिरलं की लोक विचारतात याचा खर्च कुणाच्या खिशातून. बाबलकाकांना ते फार पटलं. त्यांनी मान हलवली आणि तिथल्या तिथे जेवायचं आमंत्रण देऊन टाकलं. कार्यक्रमात नव्हतं. चेअरमनच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण बाई निघाल्यासुद्धा.

बाबलकाकांच्या ओसरीवर त्या खालीच बसल्या. गुडघा दुखत असावा, एक पाय लांब करून. काकींनी तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी आणि तळलेला बांगडा वाढला, आणि शेवटी आढीतले, पेंढ्याचा वास लागलेले चार हापूस. बाईंनी पिशवीतून छोटी सुरी काढली.

"तिका सांग, सुरी कित्याक? तो काय पाव आसा?" काकी मला म्हणाल्या. मग थेट बाईंनाच, मालवणीत, "गो बाये, हातान खा. कोण बगूचो नाय."

बाईंना एक अक्षर कळलं नाही, पण त्यांनी सुरी ठेवली. रस कोपरापर्यंत गेला. जेवताना त्या सांगत होत्या. त्यांच्या आईचं मुरंब्याचं दुकान होतं. बाटली परत घेऊन कुणी आलं की आई आधी माफी मागायची, मग चूक कुणाची ते शोधायला लागायची. दुकानदार, गिऱ्हाईक आणि कारखाना हे तिघे एकमेकांचे शत्रू आहेत असं समजून आमच्याकडे निम्मं राजकारण चालतं, त्या म्हणाल्या, मी तिघांना एका टेबलावर बसवायचं काम करते, आणि ते फार कंटाळवाणं काम आहे. मी हे बाबलकाकांना मालवणीत सांगितलं. ते म्हणाले, "तिका म्हणा, आमच्याकडे तिगे एकाच घरात ऱ्हवतत. आंबो पिकवता तो मी, पेटी बांदता तो मी, आणि खावचो पण मीच, जो दागी निघता तो." बाई खूप हसल्या.

दुपारी पॅकहाउसमध्ये त्यांनी आंबे निवडणाऱ्या एकीचा हात हातात घेऊन बोटांवरचे जुने काळे डाग पाहिले. हातमोजे कधी आले, ते विचारलं. मदतनीस मुलीला काहीतरी लिहून घ्यायला सांगितलं. मग एक क्रेट उचलून मला म्हणाल्या, या नंबरचा माणूस मला दाखवा. आठांतलाच तो एक. मी बाबलकाकांकडे बोट केलं. बाईंनी त्या क्रेटसकट त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. बाबलकाका फोटोत नंबराकडे पाहत नाहीत, समोर पाहतायत. त्यांना चष्म्याशिवाय तो वाचताच येत नव्हता.

चैत्र संपता संपता पत्र आलं. अमुक नंबरच्या मालात अमुक औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त. सोसायटीची सभा भरली. बाबलकाका उभे राहिले.

"माजी फवारणी पौषातच झालेली. तेच्यानंतर पंपाक हात लावूक नाय मी."

"वही कोणी भरलेली?" चेअरमन.

"सुधाकरान."

"तू वाचलंस?"

"माका ती बारीक चौकटी दिसतत खंय!"

"मगे वहीत काय आसा ता तुका तरी ठावक आसा काय?"

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, वहीत काय, सगळेच पौषात फवारतत. पुन्हा हसले. मग चेअरमन माझ्याकडे वळले. "सुधाकर, तू काय म्हणतंस?"

मी म्हणालो, "माका जसा सांगल्यानी, तसा मी लिवलंय."

वाक्य खरं होतं. त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. पुढे किती वेळा मी ते मनात उलटून पाहिलं, त्यात खोट सापडली नाही. खोट्याचं सगळं काम मात्र त्याने केलं. बाबलकाकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खांद्यावरचा पंचा झटकला आणि खाली बसले. नंतर ते सभेला आले नाहीत.

नंबर गेला, म्हणजे युरोप गेला. त्याचं एवढं काही नाही. आंबा मुंबईला जातोच. पण आमच्याकडे हंगामाची पहिली तोड देवळात ठेवायची रीत आहे. पाच आंबे, पानासकट. पुढच्या वर्षी बाबलकाका ते घेऊन पायऱ्या चढत होते, आणि सभामंडपात बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "देवाक पण औषधाचोच आंबो घालतस काय रे बाबल?" थट्टेतच. बोलणारा वाईट माणूस नव्हे. मीही तिथेच बसलो होतो. बाबलकाकांनी आंबे ठेवले, नमस्कार केला आणि उतरून गेले. त्यानंतर ते भर दुपारी, देवळात कुणी नसतं तेव्हा, येऊन ठेवून जाऊ लागले. आम्हाला आंबे दिसायचे. माणूस दिसायचा नाही.

आणि बाईंची वार्तापत्रं येत राहिली. मी ओसरीवर बसून ती वाचायचो, गडग्यापलीकडे बाबलकाका पाचोळा झाडत असायचे. पत्रांत काय असायचं? कपडे धुण्याचं यंत्र बिघडलं तर कंपनीने सुटे भाग द्यायलाच हवेत, यासाठी त्या दोन वर्षं भांडत होत्या. मधाच्या बाटलीवर मध कुठल्या देशाचा ते लिहायला लावायचं होतं. लहान बेकरीवाल्यांना मोठ्या कारखान्यांएवढेच कागद भरावे लागू नयेत, म्हणून एक सूट. त्यांच्या मतदारसंघातली एक भट्टी विजेच्या दरामुळे बंद पडणार होती; ती चालू राहावी म्हणून बैठका, आणि शेजारीच, त्या भट्टीच्या धुरावर मर्यादा हवी म्हणूनही बैठका. कधी हरल्या ते सरळ लिहायच्या. हरले, पुन्हा मांडीन. एका वार्तापत्रात तर नुसता खेळण्यांबद्दलचा मजकूर होता. कुठल्या बाहुलीचा डोळा किती ओढला की निघतो, वगैरे.

मला त्यात रस का वाटावा, असं बायको विचारायची. मी सांगायचो, इंग्रजी सुधारतं. खरं म्हणजे मी दर वेळी आंबा हा शब्द शोधायचो. नसला की बरं वाटायचं. हळूहळू मात्र मी बाकीचंही वाचायला लागलो. ही बाई सगळं आयुष्य एका गोष्टीत घालवत होती. वस्तूवर जे लिहिलंय ते खरं असावं, एवढ्याचसाठी. बाटलीवरचा देश, यंत्रावरची मुदत, क्रेटवरचा नंबर. तिचा सगळा कायदा शेवटी कुठेतरी बसलेल्या, हातात पेन असलेल्या एका माणसावर येऊन थांबत होता. त्या माणसाचा कायदा करता येत नाही. तिने मला पाहिलं होतं, माझ्या हातचं पाणी घेतलं होतं, आणि तिला मी दिसलो नव्हतो.

यंदाचं वार्तापत्र शेवटचं होतं. दोन वेळा निवडून आले, आता पुरे, या आठवड्यात पद सोडते आहे, असं वर लिहिलेलं. खाली, या वर्षांत जे शिकले त्यातलं थोडं. त्यात तो फोटो होता. बाबलकाका, बाई, क्रेट. फोटोखाली लिहिलं होतं, त्याचा मराठीत सारांश असा. भारताच्या किनाऱ्यावरच्या एका गावात मी या नंबरच्या माणसाला भेटले, त्याच्या घरी जेवले. पुढे त्याच्याच मालात दोष निघाला. मला वाईट वाटलं, कारण तो माणूस मला आवडला होता. पण दोषाचा माग थोड्याच दिवसांत थेट त्याच्या बागेपर्यंत नेता आला. ग्राहकाला असंच संरक्षण मिळायला हवं, हे मी तेव्हापासून प्रत्येक चर्चेत सांगत आले.

प्रत्येक चर्चेत. मी मोबाइल पालथा ठेवला. बाहेर मोहोराचा वास होता, आणि पंपाचा आवाज येत होता. माझ्या बागेतूनच, गडी फवारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गडगा ओलांडून गेलो. बाबलकाका झेल्याला नवी जाळी बांधत होते. झेला म्हणजे आंबा अलगद तोडायची लांब काठी, टोकाला पातं आणि जाळी. आता ते पंच्याहत्तरीला आलेत, पण गाठ अजून घट्ट मारतात.

"काकानू, ते आठ क्रेट माजे होते."

"खंयचे आठ?"

"बाई इलेली, त्या दिवसाचे. तुमचो नंबर मी लावलेलो."

त्यांनी गाठ पुरी केली. दातांनी दोरी तोडली. मग म्हणाले, "माका कित्याक सांगतंस? ते माजे न्हय, ह्या माका पयल्या दिवसापासून ठावक आसा. माजी झाडां मी फवारलंय काय नाय, ह्या माका कोणी येवन सांगूक होया काय?" मग झेला भिंतीला टेकवून, "ज्यांका ठावक नाय, तेंका सांग."

मी घरून चार वाक्यं तयार करून गेलो होतो. क्षमेची. ती तशीच राहिली. क्षमा मागायला गेलेल्या माणसाला वाटतं, समोरच्याकडे देण्यासारखी एक वस्तू आहे आणि ती तो देईल किंवा नाकारेल. बाबलकाकांनी दिलीही नाही, नाकारलीही नाही. त्यांनी मला काम सांगितलं.

रविवारी सकाळी सभा होती, नोंदणीची. मी उभा राहिलो आणि सांगितलं. आठ क्रेट, माझी झाडं, माघातली दुसरी फवारणी, स्टिकर. सभेत मी म्हटलेलं ते वाक्यही सांगितलं, आणि ते कशासाठी म्हटलं होतं तेही. पंखा फिरत होता. कुणीतरी म्हणालं, "मेल्या, सहा वरसां?" आणखी एकाने म्हटलं, "माका वाटलाच होता." मागे ज्याच्या विनोदाला सगळे हसले होते, तो हाच. देवळात ती थट्टा करणाराही तिथे होता. तो आपल्या चपलांकडे पाहत राहिला.

चेअरमनने माझ्यापुढच्या वह्यांचा गठ्ठा उचलून आपल्याकडे ओढला. माझ्या बागेची नोंद रद्द. बाबलकाकांची नव्याने करायची, मुदत अजून होती. यापुढे वही ज्याची त्याने भरायची, असंही ठरलं. किती दिवस टिकेल कोण जाणे. "आणि फॉर्म घेवन तूच जा," चेअरमन म्हणाले. "आमची कोणाची तोंडां नाय थंय जावची."

मी फॉर्म घेऊन गेलो. काकी अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि आत गेल्या. पाणी आणतील असं मला सवयीने वाटलं. आलं नाही. बाबलकाकांनी फॉर्म घेतला, घडी उलगडून पाहिला, पुन्हा घडी घातली.

"सगळ्यांका सांगलंस?"

"सांगलंय."

"बाईक सांगलंस?"

"खंयच्या बाईक?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"हय, ह्या ओसरीर बसान जेवली ती. कोपरापर्यंत रस गेलेलो तिच्या." त्यांनी बोटाने जागाही दाखवली. "माज्या हातचो आंबो खावन गेली, आणि मगे तिका कळला काय, माज्या आंब्यात औषध होता. काय वाटला असात तिका? पाहुण्याक घरात बोलवून इख घातल्यान, असाच ना?"

सहा वर्षांत माझ्या मनात हे एकदाही आलं नव्हतं. नंबर, युरोप, सभा, देऊळ, सगळं आलं होतं. यजमान म्हणून त्यांना काय वाटत असेल, ते नाही. मी मोबाइल काढला आणि शेवटच्या वार्तापत्रातला तो मजकूर त्यांना मालवणीत वाचून दाखवला. 'तो माणूस मला आवडला होता' इथे ते म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं.

त्या संध्याकाळी मी बाईंना ईमेल लिहिला. जिथून वार्तापत्र यायचं त्या पत्त्यावर. उत्तर लगेच आलं, म्हणजे यंत्राचं. पद सोडल्यामुळे हे कार्यालय बंद झालं आहे, या पत्त्यावर आलेली पत्रं वाचली जात नाहीत.

दोन दिवस मी गडग्यापलीकडे गेलो नाही. एक वाक्य मनात तयार होतं, अगदी मालवणीत. बाईचा उत्तर इला, काकानू, तिका खूप बरा वाटला. सोपं होतं. त्यांना इंग्रजी येत नाही, पडताळायला कुणी येणार नाही, आणि म्हातारा माणूस सुखाने झोपला असता. यात कुणाचं नुकसान आहे, हेही मी स्वतःला विचारलं. क्रेटच्या वेळीही असंच विचारलं होतं. तिसऱ्या दिवशी गेलो.

"उत्तर येवचा नाय. ऑफीस बंद झाला तिचा."

ते खळ्यात बसून पेंढा सोडवत होते. आढी घालायची तयारी.

"दुसरो पत्तो?"

"ठावक नाय."

"गाव तरी ठावक आसा?"

"गाव आसा लिवलेला."

"मगे गावाक लिही. आमच्या गावात नुसत्या नावान पत्र येता. थंय पोस्टमन नसतत?"

"काकानू, पोचात काय नाय ता..."

"तू सहा वरसां गप ऱ्हवलंस," ते म्हणाले, पेंढ्यातून मान वर न करता. "आता पत्र पोचूक सहा वरसां लागली तरी लागांदेत. लिही."

गेल्या मंगळवारी देवगडच्या पोस्टात ते पत्र टाकून आलो. पाकिटावर बाईंचं नाव, त्यांच्या गावाचं नाव आणि देश. काउंटरवरच्या मुलीने पिनकोड विचारला, मी नाही म्हटलं, तिने खांदे उडवून शिक्का मारला. पत्र अडीच पानांचं झालंय, इंग्रजीत, हाताने लिहिलेलं. पहिल्या ओळीत बाबलकाकांचं पूर्ण नाव आहे आणि त्यांचा आंबा चांगला होता, एवढंच आहे. माझं नाव दुसऱ्या ओळीत.